बाकुनावा इथे उभा आहे

गिंबाल, इलोइलो
६ सप्टेंबर

प्रिय मनोंग,

तुझं पत्र पोचलं. तू खुशाल आहेस, पोट सुटलंय आणि जहाजावरचा नवा आचारी भाताचा लगदा करतो, एवढं सगळं कळलं. लगदा होऊनही पोट सुटतंच आहे, तेव्हा आचाऱ्याला नावं ठेवू नकोस. तुमच्या बोटीवर फोटो उतरत नाहीत, नुसती अक्षरं पोचतात, हे एका परीनं बरंच आहे. बहिणीला चार ओळी लिहायला लागतात त्या निमित्तानं.

इकडे सगळं ठीक. मागच्या पावसात उडालेला पत्रा बसवून घेतला. शेजारच्या तियाय लोरेंगचा गुडघा सुजलाय, पण जीभ ठणठणीत आहे. मी रोज सकाळी रेडिओवर जाते, कोण वारलं, कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या पोराचा बाप्तिस्मा, सगळं वाचते आणि घरी येते. मध्यंतरी वाचण्यात थोडा घोटाळा झाला. गावातल्या कुणी तुला कळवलं असेल तर लक्ष देऊ नकोस, लोकांना काय, तोंड उघडलं की चाललं.

घर विकायचं आणि मी कावितेला देलियावहिनीकडे राहायला जायचं, हे तू पुन्हा लिहिलंयस. वहिनी फार चांगली आहे, तिच्या हातचं चिकन अडोबो तर काय सांगावं. पण मला हे घर सोडायचं नाही आणि रेडिओही सोडायचा नाही, हे तुला माहीत आहे. तरी उत्तर डिसेंबरात तू आलास की देईन. घाई कशाची आहे? घर काही पळून जात नाही.

बरं, आता खरी बातमी. मनोंग, मीठबंदर अजून सुरू आहे!

आठवतंय ना? कॉलेजजवळचं ते इंटरनेटचं दुकान, घामट वास, एका खुर्चीवर आपण दोघं, आणि काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं. एक चित्र नाही, आवाज नाही. ‘तुम्ही मिठागरात आहात. वारा खारट आहे. उत्तरेला बोटघर.’ आपण ‘उत्तर’ असं टाइप करायचो आणि खरोखर उत्तरेला जायचो. बाकीची पोरं शेजारी गोळ्या झाडत असायची आणि आपल्याला हसायची. तू बाकुनावा होतास, चंद्र गिळणारा साप, आणि मी तिकलिंग, चिखलात पळणारा एवढासा पक्षी. मनोंग ना तू, थोरला भाऊ, तेव्हाही मोठं नाव तूच घेतलंस.

मागच्या रविवारी दुपारी सहज शोधलं. हल्ली चित्रांचे खेळ डोळ्यांना त्रास देतात, फार लखलखाट. अक्षरं कशी मोठी करून घेता येतात. मी चांगली बोराएवढी करून घेतली. जुना पासवर्ड टाकला (तुझं नाव आणि शिवी, आठवतंय?) आणि मी आत! तिकलिंग खानावळीत जिथे झोपली होती तिथेच झोपलेली. कुणीतरी अंगावर घोंगडी टाकून ठेवलेली. इतक्या वर्षांत, मनोंग, कुणा अनोळखी माणसाला वाटलं की ही पोरगी थंडीत पडलीय. मी कितीतरी वेळ त्या घोंगडीकडेच बघत बसले.

आणि तू? तू बोटघरात आहेस. ‘बाकुनावा इथे उभा आहे.’ झोपलेला नाही, उभा! तुला सवयच होती, खेळातून नीट निरोप घेऊन बाहेर पडायचं नाही, सरळ तार तोडायची आणि चालू लागायचं. तसा तोडून गेलास तो तसाच उभा आहेस, हातात कंदील घेऊन. या खेळाचा मालक कुणाला पुसून टाकत नाही.

आता माझी फजिती ऐक. तिथे एक मंडळी जमली होती, सहाजण, मिठागराखालच्या भुयारात जायचं ठरवत होती. मी म्हटलं, भुयार मला पाठ आहे, मी नकाशा देते. तासभर खपून आडव्या रेघा, उभ्या रेघा, फुल्या, तारे जोडून सुबक नकाशा काढला आणि सगळ्यांना पाठवला. कौतुकाची वाट बघत बसले. कुणी बोलेना. शेवटी एल्मर म्हणून एकजण आहे, दुमागेतेचा, तो म्हणाला, “तिकलिंग, राग मानू नकोस, पण संपलं का? माझा बुवा अजून रेघा ओढतोय.”

मी विचारलं, कसला बुवा?

अरे, ती सगळी आंधळी माणसं आहेत! स्क्रीनवर जे येतं ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला एल्मर बुवा म्हणतो. तो बुवा सहाही घरांत माझा नकाशा मोठ्यानं वाचत होता. आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ, फुली, उभी रेघ, तारा. आणि ही सभ्य माणसं मुकाट्यानं ऐकत बसली होती, कारण नवीन बाईनं कष्ट घेतलेत, मध्ये तोडलं तर तिला वाईट वाटेल. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मग काक रोहाया बोलली, ‘काक’ म्हणजे त्यांच्याकडे ताई. ती मलेशियात ताइपिंगला राहते, शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे, जन्मापासून बघितलेलं नाही. ती म्हणाली, “रेघा पुरे झाल्या, पोरी. आता तोंडानं सांग. उजव्या हाताला काय लागतं?” मी सांगितलं, ओली भिंत. “मग?” मग खालून वारा येतो तिथे वळायचं. एवढ्यावर त्या सगळ्यांनी भुयार पार केलं, एकदाही न चुकता. चुकले ती मी. एल्मरला मागे येऊन मला शोधायला लागलं आणि तो अजून त्यावरून चिडवतो, “डोळस माणसं बरोबर घेतली की असा वेळ जातो!”

हसलास ना? हस. जेवत जा वेळेवर.

तुझी,
इन्दाय

—

गिंबाल
११ ऑक्टोबर

प्रिय मनोंग,

नकाशाची गोष्ट तू सगळ्या बोटीला वाचून दाखवलीस म्हणे. छान. आता बंदरोबंदरी माझी कीर्ती.

पण शेवटी तू विचारलंस, ‘तुला एवढं काय त्या लोकांचं?’ तर ऐक काय ते.

काक रोहायाचा बुवा इतक्या वेगात बोलतो की मला वाटलं मशीन बिघडलं. तिनं एकदा फोनवर ऐकवला, नुसती गरम तेलात मोहरी! आणि ती बाई ते ऐकता ऐकता चहा करते, शेजारणीशी बोलते, खेळात तलवार चालवते. एल्मर मालिश करतो, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात खेळायला येतो, तेलकट हातांनी टाइप करतो आणि एक अक्षर चुकत नाही. भुयारातली वळणं त्यांना आपल्या स्वयंपाकघरासारखी पाठ. कुणी नवीन आलं की आधी त्याला जेवलास का विचारतात, मग तलवार देतात. एकमेकांची टिंगल तर इतकी करतात की विचारू नकोस. मी आयुष्यात इतकी हुशार आणि इतकी वाह्यात माणसं एकत्र बघितली नव्हती.

आणि त्यांची एक रीत आहे. मुकाट्यानं यायचं नाही, मुकाट्यानं जायचं नाही. आलं की म्हणायचं, ‘आले, चुलीपाशी बसलेय.’ निघताना म्हणायचं, ‘उठते हं.’ पाऊस असो, वीज जायची असो, घरात पाहुणे असोत, एवढे दोन शब्द टाकल्याशिवाय कुणी उठत नाही. मी पहिल्यांदा तशीच उठून गेले तर दुसऱ्या दिवशी एल्मरनं मला असं फैलावर घेतलं की बस. कारण काय, की माणूस तार तोडून गेला तर त्याच्या नावापुढे एक बारीक ठिपका येतो. डोळसाला तो दिसतो. बुवा ठिपके वाचत नाही. मग ही माणसं गेलेल्याशी बोलत राहतात.

तुझ्याशी तर कित्येक वर्षं बोलतायत! काक रोहाया म्हणाली, “बोटघरातला तो कंदीलवाला तुझा भाऊ? भलता शिष्ट माणूस ग. मी नवीन होते तेव्हा रोज त्याला सलाम करायची. माझ्या वडिलांचं आजारपण सगळं सांगितलं त्याला. हूं की चूं नाही.” मी म्हटलं, तो तिथे नव्हताच. तर म्हणाली, “ते कळलं नंतर. पण तोवर माझं बोलून झालं होतं.” आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला आपली आई आठवली, नानाय.

तुला ठाऊक नाही, तू समुद्रावर असायचास. नानायचे डोळे गेल्यावर आपण तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि सगळं हातात द्यायला लागलो. ताट हातात, कप हातात. कुणी वाईट वागलं नाही रे. तियाय लोरेंग रोज यायची, गप्पा मारायची आणि नानायला उगाच त्रास नको म्हणून पाय न वाजवता निघून जायची. नानाय बोलतच राहायची. मी कामावरून आले की ती रिकाम्या बाकाला भोपळ्याच्या भाजीची गोष्ट सांगत असायची. मग हळूहळू तिनं बोलणंच सोडलं.

आता लिहायचं ते लिहितेच. गेले तीन परिच्छेद मी त्याभोवती घिरट्या घालतेय.

मागच्या आठवड्यात काक रोहायानं मला बाजूला घेतलं. खेळात बाजूला घेणं म्हणजे कानात बोलणं, बाकीच्यांना ऐकू जात नाही. म्हणाली, “चार शब्द आले की तू पटकन बोलतेस. ओळ लांब असली की गप्प होतेस आणि भलतंच उत्तर देतेस. पोरी, तू वाचत नाहीयेस, शोधतेयस. कधीपासून?”

मनोंग, ज्या बाईनं मला कधी बघितलं नाही, तिनं ओळखलं. गावात रोज बघणाऱ्यांपैकी कुणालाही कळलं नव्हतं.

मला नानायचंच झालंय. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेच आहे. कडा आधीच गेल्या, आता नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं आणि तेही धूसर होत चाललंय. औषध नाही. चष्मा बदलून उपयोग नाही. रेडिओवरचा घोटाळा त्यामुळेच झाला. तुला माहीतच आहे, आपल्या गावात अर्ध्या लोकांची आडनावं ‘ग’नं सुरू होतात. मला ‘ग’ दिसला, पुढचं मी अंदाजानं ठोकलं, आणि धडधाकट जिवंत गेलवेझोनला मारून टाकलं. तो स्वतः स्टेशनवर आला, त्याच्या घरी आलेली फुलं घेऊन! मी हसून वेळ मारून नेली. मग मोरीत जाऊन रडले.

मॅनेजर साहेब भले आहेत, पण त्यांनी साफ सांगितलंय. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गावातल्या सगळ्या गेलेल्यांची नावं आपण रेडिओवर वाचतो. लोक थडग्यांपाशी रेडिओ लावून आपल्या माणसाच्या नावाची वाट बघत बसतात. त्यात चूक चालायची नाही. ते जमलं तर मी राहीन. नाही जमलं तर दुसरी मुलगी येईल, आणि मग मला कावितेला येण्यावाचून गत्यंतर नाही. वहिनीच्या घरी खिडकी आहे, खुर्चीही असेल.

मला भीती वाटते, मनोंग. डोळ्यांची तेवढी नाही. त्या खुर्चीची वाटते.

उगाच कॅप्टनला सांगून बोट वळवू नकोस. जेवून घे.

तुझी,
इन्दाय

—

गिंबाल
४ नोव्हेंबर

मनोंग,

‘प्रिय’ मुद्दाम लिहिलेलं नाही. तुझं पत्र काय, हुकूमनामा! ‘काम आजच सोड. देलिया येऊन तुला घेऊन जाईल. एकटीनं चूल पेटवू नकोस.’ वा रे वा. मला विचारलंस? वहिनी बिचारी बॅग भरून तयार होती. मी फोन करून तिला सांगितलं, खुशाल ये, पण खेकडे खायला ये. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं. त्यांना तूच सांग.” तर सांगते.

माझी तयारी काक रोहायानं करून घेतली. रोज दुपारी, तिची नमाज झाली की फोन. पद्धत अशी की एका कानात हेडफोन, त्यात बुवा नाव सांगणार, आणि मी ते बोलत असतानाच पुढचं नाव ऐकायचं. ऐकणं पुढे, बोलणं मागे. पहिल्या दिवशी मला घेरी आली. बुवाला आपली नावं काय कळणार, तो आपल्या गेमोरा आडनावाचं जे काही करतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी वैतागून म्हटलं, काक, माझ्यानं नाही होणार. ती म्हणाली, “नकाशा काढायला तासभर बसलीस तेव्हा कुठे थकली होतीस? आता तसाच आमचा तासभर दे.” पुन्हा हेडफोन लावला.

एल्मरनं खेळातल्या सगळ्यांना कामाला लावलं. बांडुंगचा एक, पेनांगची एक, सगळे भुयारबियार सोडून बंदरावर उभे राहून मला ‘ग’ची आडनावं फेकून मारायला लागले. गायो! गेलवोसा! गारगालिकाना! मी इकडे घरात एकटी मोठमोठ्यानं ओरडतेय. तियाय लोरेंग कुंपणावरून विचारते, “इन्दाय, भांडतेयस कुणाशी?” म्हटलं, सगळ्या गावाशी.

दोन तारखेला मी स्टेशनवर गेले. चर्चच्या ऑफिसातली यादी कॉम्प्युटरवर आली होती. मॅनेजर साहेब काचेपलीकडे उभे होते आणि ती नवी मुलगी माझ्या शेजारी छापील कागद घेऊन बसलेली, मी अडकले की वाचायला. मी डोळे मिटले. उघडे ठेवले की शोधायची सवय लागलीय ना. बुवा बोलायला लागला, मी बोलायला लागले. पहिली काही नावं सावकाश घेतली, नंतर लय सापडली. एकेक माणूस कानातून यायचा आणि मी त्याला नाव घेऊन हाक मारायची, एवढंच. छपरावर पाऊस वाजत होता तोही ऐकू येईना.

आणि मग ‘ग’ आला. बुवा आपल्या त्या भयंकर उच्चारात म्हणाला, सालुद गेमोरा. नानाय. यादीत असणार हे माहीत होतं रे, तरी कानात अशी अचानक आली. मी तिचं नाव नीट घेतलं. सालुद गेमोरा. खिडकीपाशी बसणारी म्हणून नाही, नुसतं तिचं नाव, स्वच्छ. आवाज मोडू दिला नाही, कारण मागे तोवर पुढचा माणूस येऊन उभा होता.

एकही चूक नाही, मनोंग. ती मुलगी कागद घेऊन बसली होती ती बसूनच राहिली. शेवटी मॅनेजर साहेब आत आले आणि म्हणाले, “सोमवारी नेहमीच्या वेळेला या.” बस, एवढंच बोलले. मला पुरलं. बाहेर गेलवेझोन उभा होता. म्हणाला, “या वर्षी माझं नाव घेतलं नाहीस, आभारी आहे.” पाव देऊन गेला.

आपलं स्टेशन इंटरनेटवरही लागतं. काक रोहाया ताइपिंगला ऐकत होती. एल्मरनं मालिशच्या खोलीत लावलं होतं, गिऱ्हाइकाला सांगितलं, आज गाणी नाहीत, आज गिंबालचे मेलेले लोक ऐकायचे. घरी येऊन मी खेळात गेले तर खानावळीत सगळे जमलेले. कुणी आरडाओरडा केला नाही. एकेकानं नुसतं लिहिलं, ‘ऐकलं.’ ‘ऐकलं.’ ‘ऐकलं.’ मी चुलीपाशी बसले आणि मनसोक्त रडले. मग एल्मर म्हणाला, आता रड पुरे, नाहीतर कीबोर्ड बिघडेल.

तर हे माझं उत्तर. घर विकायचं नाही. मी इथेच राहणार. चूल मी पेटवते आणि पेटवणार, हात पोळला तर माझा पोळेल. हे पत्रसुद्धा डोळे मिटून लिहिलंय, बुवाला तीनदा वाचायला लावलं. चूक सापडली तर बुवाची.

आता एकच मागणं आहे. रागावू नकोस.

तू डिसेंबरात येशील, महिनाभर राहशील आणि मग बोटीवर जायला निघशील. दर वेळेस तू उजाडायच्या आत, कुणाला न उठवता, चपला हातात घेऊन निघून जातोस. निरोप तुला सोसत नाहीत, मला माहीत आहे, मी कधी बोलले नाही. पण तुला एक माहीत नाही. नानाय सकाळी उठून चाचपडत तुझी कॉफी करायची. साखर दोन चमचे. कप टेबलावर ठेवून तुझ्या लाडक्या नावानं हाक मारायची, “तोतो, ऊठ, गार होतेय.” पुन्हा हाक मारायची. मीच येऊन तिला सांगायची, नानाय, तो गेला. दर वेळेस. पुढच्या खेपेला ती पुन्हा कॉफी करायचीच.

मी तुला आजवर जाताना बघत होते. खिडकीतून, पडद्याआडून, तू कोपऱ्यावर वळेपर्यंत. तुला वाटायचं मी झोपलेय. या वर्षी मला तू दिसणार नाहीस.

तेव्हा कॉफी मी करीन. तू पिऊन जा. आणि दारातून मोठ्यानं म्हण, ‘इन्दाय, निघतो.’ मी रडले तर रडू दे, दोन मिनिटं थांब.

जमलं तर बोटीवरून एकदा मीठबंदरात ये. अक्षरंच लागतात, तुमच्या बोटीला परवडेल. बोटघरात जा, कंदील खाली ठेव, काक रोहायाला सलाम कर, फार वर्षांची बाकी आहे. मग सांगून झोप. मी घोंगडी टाकीन.

आता मी इथून उठते हं, मनोंग.

इन्दाय